यिफ्त : विष, लग्न आणि 'देणं'

उत्तरवारा (धागाकर्ती)

मागच्या दिवाळीत आईने सांगलीहून फराळाचं खोकं पाठवलं. चकल्या मोडू नयेत म्हणून जुन्या सुती साडीत गुंडाळलेल्या, वरून तपकिरी कागद, आणि कागदाच्या चारही बाजूंना काळ्या मार्करने, शाळेच्या फळ्यावर लिहावं तशा ठसठशीत अक्षरात एकच इंग्रजी शब्द: गिफ्ट. कस्टमवाल्यांना लांबूनच कळावं, हा हेतू. मी खोकं जिन्यात टेकवून कुलूप उघडत होते, तेवढ्यात शेजारचा सात वर्षांचा मुलगा येऊन उभा राहिला. नुकताच वाचायला लागलाय, त्यामुळे दिसेल ते वाचतो. अक्षराखाली बोट ठेवत त्याने मोठ्याने लावलं, "यिफ्त". मग दोन पायऱ्या मागे सरकला आणि आईला हाक मारली.

कारण स्वीडिशमध्ये जी-आय-एफ-टी या चार अक्षरांचा अर्थ आहे विष. आणि याच चार अक्षरांचा दुसरा अर्थ आहे विवाहित. भेटवस्तू हा अर्थ आजच्या स्वीडिशमध्ये त्यांना अजिबात नाही. भेटीला 'प्रेसेंत' किंवा 'गोवा' म्हणतात.

मी स्वीडनमधल्या उप्सालात नऊ वर्षं आहे. इथे भाषा शिकायला आलेल्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यातच हा शब्द कोणीतरी विनोद म्हणून ऐकवतं: बघा, स्वीडिश लोकांना लग्न आणि विष एकच वाटतं. वर्गात हसू होतं आणि गाडी पुढे जाते. मला तो विनोद कधीच पटला नाही. हा शब्द नीट उघडून पाहिला तर आत जे निघतं ते आपल्या फार ओळखीचं आहे, मराठी माणसाला तर जास्तच. म्हणून हा धागा.

आधी उच्चार. स्वीडिशमध्ये ई, इ, ए अशा पुढच्या स्वरांआधी 'ग' मऊ होऊन 'य' होतो. आ, ओ, ऊ यांच्याआधी तो 'ग'च राहतो. म्हणून देणे या क्रियापदाचं मूळ रूप 'ये' आणि भूतकाळ 'गाव'. आपल्याला हे परकं वाटायला नको. 'माझा' म्हणताना झ दातांजवळ असतो आणि 'माझी' म्हणताना तो टाळूकडे जातो. चमचा आणि चिमणी, जावई आणि जीव, यांतही तेच. पुढचा स्वर मागच्या व्यंजनाला आपल्याकडे ओढतो. आपण हे जन्मभर करतो, फक्त कोणी दाखवून दिलेलं नसतं.

आता व्याकरण. स्वीडिश नामांना दोन लिंगं, एक 'एन'वालं आणि एक 'एत'वालं. विष हे 'एत'वालं: एत यिफ्त म्हणजे एक विष, यिफ्तेत म्हणजे ते (ठरावीक) विष, अनेकवचन यिफ्तेर. 'ते' हा निर्देश शब्दाच्या शेपटीला चिकटतो, आपल्या विभक्तीप्रत्ययासारखा.

विवाहित हा अर्थ असतो तेव्हा यिफ्त हे विशेषण असतं, खरं तर 'यिफ्ता' या क्रियापदाचं धातुसाधित. एन यिफ्त मान म्हणजे लग्न झालेला पुरुष. एत यिफ्त पार म्हणजे विवाहित जोडपं. एरवी 'एत'वाल्या नामाबरोबर विशेषणाला एक 'त' लागतो (स्तूर म्हणजे मोठा, स्तूर्त म्हणजे मोठं), पण इथे शब्द आधीच फ्तवर संपतो, मग आणखी 'त' लागायला जागाच नाही. अनेकवचनात यिफ्ता. म्हणजे 'दे एर यिफ्ता' (ते विवाहित आहेत) कानावर पडलं की विषाचा प्रश्नच उरत नाही.

आणि क्रियापद. 'लग्न करणे' याला स्वीडिशमध्ये म्हणतात 'यिफ्ता सेय'. यातला 'सेय' म्हणजे स्वतःला. मी लग्न करते: या यिफ्तेर मेय. तू करतेस: दू यिफ्तेर देय. आम्ही करतो: वी यिफ्तेर उस. शब्दशः पाहिलं तर मी मला देते, तू तुला देतेस, आम्ही आम्हाला देतो. शेजारीच दुसरी रचना आहे, 'यिफ्ता बोर्त', म्हणजे दुसऱ्याला लग्नात देऊन टाकणे. बाप मुलीला 'यिफ्ता बोर्त' करतो. मुलगी स्वतः 'यिफ्ता सेय' करते. एकच क्रियापद आहे, कर्म तेवढं बदललं.

या सगळ्याच्या मुळाशी 'देणे' आहे. जुन्या जर्मानिक (स्वीडिश, जर्मन, इंग्रजी यांच्या घराण्यातल्या) भाषांत देणे या धातूपासून 'गिफ्त' हे नाम झालं, अर्थ 'देणं', 'दिलेली गोष्ट'. जुन्या स्वीडिशमध्ये ते 'गिप्त' असं लिहिलेलं सापडतं. मुलगी देणं, म्हणून लग्न. विषाचा अर्थ मात्र दक्षिणेकडून, जर्मन व्यापाऱ्यांच्या बोलीतून आला, आणि त्यामागची गोष्ट वेगळी आहे. ती जर्मनीत राहणाऱ्यांपैकी कोणी सांगितली तर बरं होईल.

'मुलगी कुठे दिली?' हे वाक्य मी लहानपणी किती वेळा ऐकलंय. 'मोठी कऱ्हाडला दिली, धाकटी मिरजेत.' स्वीडिश शब्दकोश उघडून यिफ्त बघितला त्या दिवशी मला माझी आजीच बोलताना ऐकू आली.

---

मिंटी

किती छान लिहिलंय. आमच्या ऑफिसात एक स्वीडिश सहकारी आहे, त्याने हाच विनोद आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला सांगितला होता आणि मी हसले होते. आता पुन्हा हसणार नाही बहुतेक.

---

जर्मनपंत

उत्तरवारा, तुम्ही हाक मारलीत म्हणून लिहितो. श्टुटगार्टला आहे, भाषाशास्त्र हा विषय कॉलेजात होता.

जर्मनमध्ये 'गिफ्ट' म्हणजे फक्त विष. विवाहिताला वेगळा शब्द आहे. पण जुन्या उच्च जर्मनमध्ये 'गिफ्ट' म्हणजे देणं, दान असाच अर्थ होता आणि शब्द स्त्रीलिंगी होता. त्याचा पुरावा आजही जिवंत आहे: हुंड्याला जर्मनमध्ये 'मिटगिफ्ट' म्हणतात, म्हणजे 'सोबत दिलेलं', आणि तो स्त्रीलिंगीच राहिलाय. विष मात्र नपुंसकलिंगी झालं. म्हणजे भाषेने दोन अर्थ लिंगाने वेगळे काढले.

देण्याचं विष कसं झालं? ग्रीकमध्ये 'दोसिस' म्हणजे देणं. वैद्यांच्या तोंडी त्याचा अर्थ झाला 'एका वेळी द्यायचं औषध'. हा शब्द लॅटिनमध्ये गेला, आणि जर्मन भाषकांनी त्याचं शब्दशः भाषांतर केलं: देणं, म्हणजे गिफ्ट. मग जी मात्रा मारण्यासाठी दिली जाते तिलाही लोक दबक्या आवाजात नुसतं 'दिलेलं' म्हणू लागले. सौम्य शब्द म्हणून सुरुवात झाली आणि पुढे तोच मूळ शब्द होऊन बसला.

डच लोकांनी दोन्ही ठेवलंय. 'गिफ्ट' म्हणजे देणगी आणि 'गिफ' म्हणजे विष. उच्चार 'ख'च्या जवळचा. डॅनिशमध्ये स्वीडिशसारखेच दोन अर्थ आहेत, पण तिथे 'ग' कडक राहतो.

---

शब्दशोधी

जर्मनपंतांनी 'दोसिस' म्हटलं आणि मी खुर्चीतून उठलो. चाळीस वर्षं संस्कृत शिकवलं. ग्रीक 'दिदोमि' आणि संस्कृत 'ददामि' हे एकाच धातूचे दोन वंशज, दोघांनी पहिलं अक्षर दुहेरी केलेलं. म्हणजे दोसिस आणि दान ही सख्खी भावंडं.

आणि आपण रोज म्हणतो तो 'डोस'? पोलिओचा डोस, डॉक्टरने दिलेला डोस, वडिलांनी पाजलेले उपदेशाचे डोस. तो इंग्रजीतून आला, इंग्रजीत फ्रेंच आणि लॅटिनमार्गे ग्रीकमधून. म्हणजे दान आणि डोस दोन वेगळ्या वाटांनी एकाच मराठी वाक्यात येऊन बसलेत.

एक सावधगिरी. स्वीडिश 'ये' किंवा इंग्रजी 'गिव्ह' यांचा धातू आपल्या 'दा'चा नातेवाईक नाही. तो वेगळा आहे. अर्थ तोच, घराणं दुसरं. जर्मन लोकांनी शब्द उसना घेतला नाही, फक्त कल्पना घेतली आणि आपल्या घरच्या धातूने ती बांधली. आपण 'दूरदर्शन' केलं ना, तसंच.

---

तिरफळ

दबक्या आवाजातल्या शब्दावरून सांगते. आमच्या कोकणात साप चावला असं कोणी सरळ म्हणत नसे. 'पान लागलं' म्हणायचे. रात्री सापाचं नावही घ्यायचं नाही, 'लांबडं' म्हणायचं. दिवा विझवत नाहीत, मालवतात. बांगडी फुटत नाही, वाढवते. निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. ज्याची भीती वाटते त्याला हळू नावाने हाक मारायची. त्यामुळे विषाला 'दिलेलं' म्हणणारा कोणी जर्मन मला लगेच दिसला.

उत्तरवारा, मग त्याआधी स्वीडिश लोक विषाला काय म्हणायचे?

---

उत्तरवारा

तिरफळ, 'पान लागलं' वाचून अंगावर काटा आला. आजोळी ऐकलेलं, विसरले होते.

जुना शब्द 'एत्तेर'. आइसलंडच्या भाषेत विषाला आजही त्याचंच भावंड वापरतात, 'एतुर'. तिथे विषासाठी 'गिफ्त' शिरलाच नाही, लग्नाचं क्रियापद मात्र त्याच घरातलं आहे. म्हणजे लग्नाचा अर्थ उत्तरेचा स्वतःचा आणि विषाचा अर्थ बाहेरून आलेला, हे आइसलंडकडे पाहिलं की स्पष्ट होतं.

स्वीडिशमध्ये एत्तेर कोपऱ्याकोपऱ्यात उरलाय. बागेत उगवणारी छोटी खाजकुयलीसारखी आग करणारी वनस्पती आहे, तिचं नाव 'एत्तेरनेस्ला'. कोणी रागाने गरळ ओकत असेल तर म्हणतात, एत्तेर आणि पित्त ओकतोय. आपलं 'गरळ ओकणे' आणि हे किती जवळ आहे बघा. डॅनिशमध्ये कोळ्याला 'एदरकोप' म्हणतात, त्यातही हाच जुना विषवाचक शब्द लपलाय.

---

नवखा_योतेबोरी

मी आठ महिन्यांपूर्वी योतेबोरीला (गोथेनबर्ग) आलो. धागा वाचून डोकं थोडं हललं, कारण मला हा शब्द सगळीकडे दिसतोय आणि प्रत्येक वेळी अर्थ वेगळा. ट्रामच्या दंडाच्या पावतीवर 'आवयिफ्त', फॉर्मवर 'उपयिफ्तेर', बँकेच्या अॅपमध्ये 'ऊतयिफ्तेर'. हे सगळे विषाचे की लग्नाचे? कोणी जरा फोड करून सांगेल का?

---

उत्तरवारा

दोन्हींचे नाहीत, आणि म्हणूनच मला हे शब्द सगळ्यांत जास्त आवडतात. इथे मूळचा 'देणं' हाच अर्थ शाबूत आहे.

आवयिफ्त: 'आव' म्हणजे पासून, कडून. तुमच्याकडून दिलं जाणारं, म्हणजे शुल्क. ऊतयिफ्त: 'ऊत' म्हणजे बाहेर. बाहेर दिलं गेलेलं, म्हणजे खर्च. उपयिफ्त: 'उप' म्हणजे वर. पुढे करून दिलेली माहिती, किंवा तुम्हाला दिलेलं काम. फॉर्मवर 'पेर्सूनउपयिफ्तेर' म्हणजे तुमची वैयक्तिक माहिती. शाळेत मास्तर देतात तो गणिताचा प्रश्नही उपयिफ्त. आणि 'हेमयिफ्त', घरून दिलेलं, म्हणजे नवरीबरोबर जाणारं सामान, हुंडा.

गंमत लिंगाची आहे. हे चारही शब्द 'एन'वाले. फक्त विष 'एत'वालं. जर्मनपंत जर्मनबद्दल जे म्हणाले ते इथेही खरं ठरतं.

जोडशब्दात पहिला भाग कसा येतो त्यावरूनही अर्थ कळतो. विषाचा असेल तर नुसता 'यिफ्त' सुरुवातीला लागतो: यिफ्तऊर्म म्हणजे विषारी साप. लग्नाचा असेल तर मध्ये काहीतरी येतं: यिफ्तेरमोल म्हणजे विवाह, यिफ्तोरेत म्हणजे विवाहाने मिळणारा मालमत्तेचा हक्क. मधला तो 'एर' किंवा 'ओ' जुन्या विभक्तींचे अवशेष आहेत. आज त्यांना स्वतःचा अर्थ नाही, पण कामाचे आहेत.

एकच जागा सांभाळायची. 'आवयिफ्त' म्हणजे शुल्क, पण 'आवयिफ्तनिंग' म्हणजे शरीरातून विष किंवा व्यसन काढून टाकण्याचा उपचार. आणि 'आवयिफ्तस्फ्री' म्हणजे विनाशुल्क, तर 'यिफ्तफ्री' म्हणजे विषमुक्त. स्वीडनच्या संसदेने १९९९ मध्ये पर्यावरणाची राष्ट्रीय उद्दिष्टं ठरवली, त्यांतल्या एकाचं नावच आहे 'यिफ्तफ्री मिल्यो', विषमुक्त पर्यावरण.

---

नवखा_योतेबोरी

'बाहेर दिलेलं म्हणजे खर्च' आता जन्मात विसरणार नाही. आणि 'ये' म्हणजे दे, 'गाव' म्हणजे दिलं, हे तर पाठच झालं. धन्यवाद.

---

रानवाटा

मी उमेओजवळ राहते, वनस्पतिशास्त्राची आहे, म्हणून विषाच्या बाजूने लिहिते.

इथे सप्टेंबरात प्रत्येक घर जंगलात अळंबी वेचायला जातं. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर वारुळावरची अळंबी शोधायला जातात तसं, पण टोपल्या घेऊन, चाकू आणि छोटा ब्रश घेऊन. 'यिफ्तिग', म्हणजे विषारी, हा शब्द मुलं बहुतेक याच काळात शिकतात. मी मला शिकवणाऱ्या बाईंबरोबर पहिल्यांदा गेले तेव्हा शेवाळात एक पांढरीशुभ्र छत्री दिसली, इतकी देखणी की हात आपोआप पुढे गेला. त्यांनी मनगट धरलं. मग चाकूच्या टोकाने भोवतालची माती उकरून दाखवली: देठावर फाटक्या झालरीसारखं कडं, आणि पार तळाशी, मातीत बुडालेली, अंड्याच्या कवचासारखी पिशवी. 'वीत फ्लूगस्वाम्प'. ती वरून कापून घेतली असती तर पिशवी जमिनीतच राहिली असती आणि ओळख पटवणारी खूणच गेली असती. म्हणून अनोळखी अळंबी कधी कापायची नाही, मुळासकट काढायची.

दुसरी आणखी वाईट, कारण ती दिसायला साधी आहे. हिवाळ्याच्या तोंडावर लोक 'त्रात्तकांतारेल' नावाची तपकिरी, नरसाळ्यासारखी अळंबी टोपल्या भरून आणतात. तिच्याच शेजारी, त्याच शेवाळात, 'तोप्पिग यिफ्तस्पिन्दलिंग' उगवते. 'स्पिन्देल' म्हणजे कोळी. या कुळातल्या कोवळ्या अळंबीच्या छत्रीखाली कोळ्याच्या जाळ्यासारखा पडदा असतो, त्यावरून नाव. तिचं विष मूत्रपिंड निकामी करतं आणि लक्षणं दिसायला कित्येक दिवस लागतात, तोवर माणूस जेवण विसरलेला असतो. तिच्या नावातच 'यिफ्त' घातलाय हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

स्वीडनमध्ये नवीन आलेल्या सगळ्यांना: अनोळखी अळंबी मुळीच खाऊ नका. चुकून पोटात गेली तर लक्षणांची वाट न बघता ११२ ला फोन करा आणि विषमाहिती केंद्र मागा. त्याचं नाव 'यिफ्तइन्फोर्माशून्ससेन्त्रालेन', हा शब्दही आजच्या धाग्यातलाच.

---

कलम_आणि_काळ

मी नागपूरला वकिली करते, कौटुंबिक प्रकरणं बघते. उत्तरवारा, 'यिफ्तोरेत' हा शब्द वाचून थांबले. 'लग्नाने मिळणारा हक्क' म्हणजे नेमकं काय? आणि मुलगी 'देण्याचा' अधिकार कायद्यात कोणाकडे होता?

---

उत्तरवारा

कलम_आणि_काळ, हा प्रश्न कोणीतरी विचारावा असं मला वाटतच होतं.

जुन्या स्वीडिश कायद्यांत 'यिफ्तोमान' नावाचा माणूस आहे. शब्दशः, देणारा पुरुष. बाप, बाप नसेल तर जवळचा पुरुष नातेवाईक. त्याच्या संमतीशिवाय मुलीचं लग्न नाही. उपलांड प्रांताचा कायदा १२९६ चा, माझ्या या उप्सालाच्या परिसराचाच. त्यात यिफ्तोमान मुलगी देताना काय म्हणतो ते दिलेलं आहे: मानासाठी आणि गृहिणीपदासाठी, अर्ध्या शेजेसाठी, कुलूप-किल्ल्यांसाठी, आणि मालमत्तेच्या कायदेशीर तिसऱ्या हिश्शासाठी.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा 'कुलूप-किल्ल्यांसाठी' या शब्दांवर बराच वेळ थांबले. माझ्या आजीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. तो तिला सासूने दिला त्या दिवसाचं वर्णन ती लग्नाच्या दिवसापेक्षा जास्त रंगवून करायची.

१७३४ च्या मोठ्या कायदासंहितेचा पहिलाच भाग विवाहाचा, 'यिफ्तेरमोल्सबाल्केन'. यिफ्तोमान त्यातही होता. सज्ञान स्त्रीला त्याच्या परवानगीशिवाय लग्न करता येऊ लागलं ते १८७२ मध्ये. आणि लग्न झालेली स्त्री नवऱ्याच्या पालकत्वाखाली असे, ते संपलं १ जानेवारी १९२१ ला, १९२० चा नवा विवाह कायदा लागू झाला तेव्हा.

आजचा कायदा १९८७ चा, त्याचं नाव बदललं, 'एक्तेनस्कापस्बाल्केन'. पण आत 'यिफ्तोरेत' तसाच आहे. पती आणि पत्नी यांची मालमत्ता लग्नात सर्वसाधारणपणे 'यिफ्तोरेत्सगूद्स' मानली जाते, आणि घटस्फोट झाला की कर्ज वजा करून अर्धी अर्धी वाटली जाते, नावावर कोणाच्याही असो. वेगळी ठेवायची तर लेखी करार करून नोंदवावा लागतो. इथे स्थायिक झालेल्या मराठी जोडप्यांनी हे माहीत करून घ्यायला हवं, अनेकांना माहीत नसतं. तिसऱ्या हिश्शापासून अर्ध्यापर्यंत यायला या शब्दाला काही शतकं लागली. १ मे २००९ पासून कायदा लिंगनिरपेक्ष आहे, त्यामुळे दोन स्त्रिया किंवा दोन पुरुषही 'यिफ्ता' असू शकतात. शब्द बदलावा लागला नाही.

---

जर्मनपंत

यावरून आठवलं. युवराज्ञी व्हिक्टोरिया यांच्या लग्नाआधी स्वीडनमध्ये मोठा वाद झाला होता ना, बापाने मुलगी 'देण्या'वरून?

---

उत्तरवारा

हो. १९ जून २०१०, स्टॉकहोमचं स्तूरश्यिर्कान चर्च. स्वीडनमध्ये वधू-वर हातात हात घालून एकत्र चालत वेदीपर्यंत जातात, ही इथली रीत. वडिलांनी मुलीला आणून सोपवायचं ही इंग्रजी-अमेरिकन रीत. युवराज्ञींना वडिलांबरोबर यायचं होतं. आर्चबिशपसकट अनेकांनी जाहीर नापसंती दाखवली. शेवटी मधला मार्ग निघाला: राजे कार्ल गुस्ताव तिला थोडं अंतर घेऊन आले, नवरदेव डॅनियल वाटेत थांबले होते, तिथून पुढे दोघं एकत्र गेले.

बाहेरच्या माणसाला वाटेल, चार पावलांवरून एवढं काय? पण ज्या भाषेत 'यिफ्ता बोर्त' आणि 'यिफ्ता सेय' शेजारी शेजारी राहतात, तिथे ती चार पावलं म्हणजे वाक्यातलं कर्म कोण, हाच प्रश्न होता. मला तो वाद योग्य वाटतो.

---

मिंटी

मग इंग्रजीतला गिफ्ट? तो कुठून आला?

---

शब्दशोधी

मिंटी, तो बऱ्याच अंशी उत्तरेकडच्या लोकांचाच. जुन्या इंग्रजीत हा शब्द होता, पण एकवचनात त्याचा अर्थ वधूसाठी दिलेली रक्कम आणि अनेकवचनात चक्क लग्न. उच्चारही 'य'ने सुरू होई. पुढे नॉर्स, म्हणजे जुने स्कँडिनेव्हियन, लोक इंग्लंडात वसले, त्यांचा कडक 'ग' आणि 'भेट' हा अर्थ इंग्रजीत रुजला. मग स्वीडिश लोकांनी स्वतःचा 'ग' मऊ करून टाकला. म्हणजे सांगलीच्या खोक्यावर जो उच्चार होता तो जुन्या नॉर्सचा, आणि जिन्यातल्या मुलाने केला तो नवा.

आणखी एक, मराठीबद्दल. उत्तरवारांनी 'मुलगी दिली' म्हटलं. कन्यादान तर आहेच. पण मुलगाही 'देतात', फक्त लग्नात नाही. मुलगा दत्तक देतात. दत्तक, दत्त, दान, सगळे त्याच 'दा'चे. मुलगी दिली की ती सासरची, मुलगा दिला की तो दुसऱ्या घराण्याचा. घर बदलण्यासाठी आपल्या भाषेला 'देणे' हेच क्रियापद सुचलं. आणि 'लग्न' या शब्दाचा मूळ अर्थ चिकटलेलं, लागलेलं. क्षितिजाला लागलेली रास, म्हणून पत्रिकेतलं लग्न. त्या राशीची वेळ म्हणून मुहूर्त, आणि मुहूर्तावरून विवाह. अर्थ असेच हात धरून पुढे जातात.

---

तिरफळ

काका, दत्तकाचं हे आयुष्यात सुचलं नव्हतं. माझे आजोबा दत्तक गेलेले. आजी म्हणायची, "त्यांना लहानपणी दिलं." अगदी मुलीबद्दल बोलावं तसं.

---

उत्तरवारा

शब्दशोधी काका, तुमचा प्रतिसाद मी खालच्या मजल्यावरच्या ८३ वर्षांच्या शेजारीण आजींना स्वीडिशमध्ये करून सांगितला. मुलगी देणं, मुलगा दत्तक देणं, दोन्हीला एकच क्रियापद. त्या काही बोलल्या नाहीत, उठून आतल्या खोलीत गेल्या आणि मला बोलावलं. खिडकीखाली निळ्या रंगाची लाकडी पेटी होती. त्यांच्या आईची हेमयिफ्त. आत घडी घातलेले तागाचे टॉवेल. प्रत्येकाच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्याने फुलीच्या टाक्यात आईची माहेरची आद्याक्षरं आणि खाली क्रमांक. एक, दोन, तीन. लग्न ठरण्याच्या कितीतरी आधीपासून मुलगी हे विणत, भरत असे, असं त्या म्हणाल्या. ताग इतका जाड होता की घडीच्या रेषा कापडात कायमच्या उमटल्या होत्या.

आम्ही ते एकेक करून पलंगावर मांडले. अकरापर्यंत आले आणि पुढे तेरा. बारावा कुठे, असं मी विचारलं. त्यांची मुलगी लुलेओला राहते, ती पहिल्यांदा घर सोडून गेली तेव्हाची गोष्ट.

"या गाव बोर्त देन," त्या म्हणाल्या. देऊन टाकला.